ब्रिटाची केमिस्ट्री आणि लाइलची होडी

लाइल नॉर्डबी हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. टॅमरॅक लेक गावात तो काउंटीच्या रस्ते खात्यात नोकरीला होता आणि कुठल्या वळणावर कुठली पाटी लावायची हे ठरवणं हे त्याचं काम. आठवडाभर लोकांना 'सावकाश जा', 'पुढे हरणं आहेत' असं सांगायचं आणि सुट्टीच्या दिवशी आपली अ‍ॅल्युमिनियमची होडी तळ्यात ढकलून गळाकडे बघत बसायचं. मासा लागला तर उत्तम, नाही लागला तर त्याहून उत्तम, कारण मग तो साफ करावा लागत नाही. असा माणूस एका उन्हाळ्यात केमिस्ट्रीच्या नादी लागतो आणि अग्निशमन दलाचा बंब दारात आणून उभा करतो, यावर गावाचा अजून नीट विश्वास बसलेला नाही. बंब आला तेव्हा अर्धं गाव तिथेच उभं होतं, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात झाली ती त्याच्या मुलीपासून. ब्रिटा अकरावीत जाणार होती आणि तिला केमिस्ट्रीचा वरच्या पातळीचा वर्ग घ्यायचा होता. म्हणजे शाळेच्याच बाकावर बसून कॉलेजची केमिस्ट्री शिकायची. गावच्या शाळेत हा वर्ग यंदा पहिल्यांदाच निघणार होता. तो काढणाऱ्या कारुसोबाई न्यू जर्सीहून नुकत्या आलेल्या. त्यांनी जूनमध्येच बजावलं होतं, की उन्हाळाभर तयारी करा, ऑगस्टअखेर मी एकेकाला बोलावून प्रश्न विचारणार आणि मगच वर्गात घेणार. तयारीसाठी त्यांनी दिलेला कागदांचा गठ्ठा ब्रिटाने जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा मीठदाणी जागची हलली.

"मिळाला वर्ग, तर बरं होईल," ब्रिटा म्हणाली.

टॅमरॅक लेकमध्ये बुडणारा माणूससुद्धा 'कुणी दोर टाकला तर बरं होईल' एवढंच म्हणतो. म्हणजे पोरीचा जीव या वर्गात अडकलाय, हे लाइलने ओळखलं.

"मी मदत करू का तुला?" त्याने विचारलं.

"नको, बाबा."

"अगं, मला काही त्रास नाही."

"नको, खरंच नको."

"अगदी थोडीशी?"

ब्रिटाने आईकडे बघितलं. आईने, म्हणजे रोंडाने, छताकडे बघितलं. "बरं," ब्रिटा म्हणाली, "तुला वेळ असेल तर, थोडीशी."

इथे गावची रीत सांगायला हवी. टॅमरॅक लेकमध्ये पहिला 'नको' हा शिष्टाचार असतो, दुसरा 'नको' हे आईबापांचे संस्कार असतात, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं काय ते सांगतो. गावात या हिशेबाने लग्नं ठरली आहेत, जमिनी विकल्या गेल्या आहेत. अडचण एवढीच, की ब्रिटाचे पहिले दोन्ही 'नको' अगदी मनापासूनचे होते. पण तिसऱ्यांदा 'नको' म्हणणं म्हणजे उघड भांडण, आणि नॉर्डबींच्या घरात भांडण कसं करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लाइलने शाळेत असताना केमिस्ट्री घेतली होती. तिच्यातल्या दोन गोष्टी त्याला अजून आठवत होत्या. एक, पाणी म्हणजे एच-टू-ओ. दोन, मास्तरांना भुवया नव्हत्या. एवढ्या भांडवलावर त्याने कामाला सुरुवात केली. गठ्ठ्यात सांगितलं होतं की आयनांची नावं आणि त्यांचे भार पाठ करा. आता पाठांतर करवायचं तर पाट्या हव्यात, आणि पाट्यांच्या बाबतीत त्याला शिकवणारा त्या काउंटीत कुणी नव्हता. त्याने घरभर पाट्या लावल्या. जिन्याच्या वळणावर नायट्रेट, आरशावर परमँगनेट, फ्रीजवर फॉस्फेट. त्यासुद्धा अशा उंचीवर आणि अशा कोनात, की घरात चालणाऱ्या माणसाला आयन आधी दिसावा आणि भिंत नंतर.

"लाइल," चौथ्या की पाचव्या दिवशी रोंडा म्हणाली, "साखरेच्या डब्यावर 'सायनाइड' लिहिलंय."

"तो आयन आहे. एक ऋण भार."

"तुझ्या आईला ते माहीत नाही. काल बिचारी बिनसाखरेचा चहा पिऊन गेली. आणि जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना तिने!"

ब्रिटाचे आयन तोवर कधीच पाठ झाले होते. ती पुढच्या प्रकरणांत शिरली होती, आणि जिन्यातून येता-जाता अडखळत होता तो लाइलच. सल्फेट कोणता आणि सल्फाइट कोणता, हे त्याला सकाळी समजायचं आणि संध्याकाळपर्यंत निसटायचं. शेवटी त्याने मनाशी ठरवलं की दोष आपल्या डोक्याचा नाही, पद्धतीचा आहे. आणि माणूस पद्धतीला दोष द्यायला लागला की शेजारी कुंपणावर येऊन उभा राहतोच.

शेजारी म्हणजे डुएन हाल्व्हर्सन. जन्मभर शेतकऱ्यांना पिकाचे विमे विकून निवृत्त झालेला. विमा विकणाऱ्या माणसाला जगात काय काय होऊ शकतं याची कल्पना असते. डुएनला मात्र ते कसं घडवून आणावं याचीही होती.

"पुस्तकातून केमिस्ट्री?" डुएन म्हणाला. "अरे, हाताने केल्याशिवाय काही कळतं का? तुझ्या आजोबांनी काय केलं होतं? लूटेफिस्क!"

लूटेफिस्क म्हणजे सुकवलेला कॉड मासा. आधी पाण्यात, मग कॉस्टिक सोड्यात आणि मग पुन्हा पाण्यात भिजवून थुलथुलीत केलेला. नॉर्वेहून आलेल्यांची पोरं-नातवंडं तो नाताळच्या सुमारास चर्चच्या तळघरात पंगत मांडून खातात. तो कुणालाही आवडत नाही. पण तसं कुणी म्हणत नाही, आणि पहिल्यांदा वाढतानाचा 'नको' इथे कुणी ऐकत नाही, त्यामुळे तो दरवर्षी संपतो.

"त्यात बघ," डुएन बोटांवर मोजत म्हणाला, "कॉस्टिक सोडा आला, म्हणजे अल्कली आली. पाणी आलं, म्हणजे द्रावण आलं. मासा आला, म्हणजे प्रथिनं आली. अर्धं पुस्तक एका पिंपात! पोरीला दाखव करून. जन्मात विसरणार नाही ती."

हे शेवटचं वाक्य मात्र अक्षरशः खरं ठरलं.

लाइलने मान डोलावली आणि डुएनच्या ओळखीने मासा मागवला. तो पुरवणारा माणूस चर्चच्या पंगतींना माल देणारा. गठ्ठ्याच्या खाली तो विकत नसे. आला तो सुका कॉड गॅरेजमध्ये रचला तेव्हा कुणी लाकूडफाट्याची बेगमी करून ठेवल्यासारखा दिसायला लागला. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं आणून लाइलने त्यात एक मासा उभा करून बघितला. मासा पातेल्यापेक्षा उंच निघाला.

दरम्यान त्याच्यातला सरकारी नोकर जागा झाला. कॉस्टिक सोडा घरात आणायचा तर परवानगी नको का? नियमाने राहणाऱ्या माणसाने विचारलेलं बरं, म्हणून तो नगर कार्यालयात गेला. न विचारता केलं असतं तर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं, हे त्याला तिथून बाहेर पडल्यावर कळलं.

"लूटेफिस्क करायचाय," लाइल म्हणाला.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला. "ऑगस्टमध्ये?"

"शैक्षणिक आहे."

"खाणार आहात?"

"खाऊ बहुतेक."

"मग ते खाद्यपदार्थात येतं. आरोग्य खिडकी, डावीकडे. त्यात काय असणार?"

"कॉस्टिक सोडा."

"मग ते घातक रसायनात येतं. उजवीकडे." बाई थांबल्या. "पण घातक रसायन खाणाऱ्यांची खिडकी आमच्याकडे नाही हो."

लाइल डावीकडे गेला, तिथून उजवीकडे गेला, आणि दोन्हीकडच्या माणसांनी शांतपणे ऐकून घेऊन एकच अभिप्राय दिला. "वेगळंच आहे."

लाइलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. टॅमरॅक लेकमध्ये 'वेगळंच आहे' याहून कडक शब्द नाही. गेल्या शतकात एका माणसाने शेजारणीच्या नव्या टोपीबद्दल तो वापरला होता, आणि त्यांचे नातू अजून एकमेकांच्या घरी जात नाहीत असं म्हणतात. परवानगी मिळाली नाही, बंदीही झाली नाही. अपमान तेवढा झाला. अपमान झालेला माणूस मागे फिरत नाही, निदान लाइल तरी फिरला नाही.

आता प्रश्न भांड्याचा. तोही डुएननेच सोडवला.

"ही काय!" गॅरेजमध्ये गाडीच्या ट्रेलरवर चढवून ठेवलेल्या होडीवर थाप मारत तो म्हणाला. "इतकी वर्षं पाणी बाहेर ठेवलंय हिने. आत ठेवायला काय हरकत आहे?"

या युक्तिवादात काही खोट काढणं लाइलला जमलं नाही. त्याने होडीत पाणी भरलं आणि कॉड सोडला. आयुष्यात पहिल्यांदा ती होडी माशांनी भरली.

पाण्यात मासा आठवडाभर मुरला. ऑगस्टचं ऊन मी म्हणत होतं आणि गॅरेजच्या पत्र्याखाली मासा आपली वेगळी भट्टी लावून बसला होता. वास आधी अंगणात आला, मग गल्लीत, मग कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत पोचला. कुणी तक्रार केली नाही. लोक फक्त थांबायचे आणि म्हणायचे, "वारा आज तुमच्याकडून वाटतं, लाइल." किंवा, "लवकर थंडी पडली तर बरं होईल नाही?" समोरच्या आजींनी भर उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि काचेआडून हात हलवला. लाइल प्रत्येक वाक्याचा अर्थ पुरेपूर समजत होता. तो याच गावात जन्मलेला. रात्री अंथरुणावर पडला की त्याला एकेक वाक्य आठवायचं आणि तो कूस बदलायचा.

"बाबा," ब्रिटाने एकदा हळूच विचारलं, "हे खरंच माझ्यासाठी करतोयस का?"

"मग कुणासाठी?"

"नाही, नुसतं विचारलं," ब्रिटा म्हणाली आणि वाचायला निघून गेली. जाताना नाकाला रुमाल लावला, पण पाठ वळल्यावर. पोरगी गुणाची होती.

सोडा घालायचा शनिवार उजाडला. त्याच शनिवारी डुएनने आपल्या अंगणात जुन्या सामानाची विक्री मांडली होती, त्यामुळे अर्धं गाव तिथे जमलेलं. जुने दिवे, स्कीच्या जोड्या, कुणीतरी कधीतरी भेट दिलेली घड्याळं. गिऱ्हाइकांना भाजून द्यायला डुएनने सॉसेज आणि कोळशाची शेगडी आणून ठेवली होती. रोंडाने लाइलला रबरी हातमोजे आणि बर्फावर घसरताना लावतात तो मोठा चष्मा घालायला लावला. अशा थाटात त्याने बादलीत कॉस्टिक सोडा कालवला, होडीत ओतला आणि जरा अभिमानानेच कुंपणापाशी येऊन उभा राहिला. चष्मा त्याने काढला नाही. कुणी विचारलं तर सांगता यावं, असा हिशेब होता.

कुणी विचारण्याआधीच होडी बोलायला लागली. आधी नुसती सुरसुर, मग दूध उतू जाताना होतो तसा आवाज. गॅरेजच्या दारातून वाफ यायला लागली आणि तिच्यामागून फेस.

"सोडा मुरतोय," डुएन जाणकारीने म्हणाला.

तेवढ्यात ब्रिटा हातात पुस्तक घेऊन घरातून आली. तिने गॅरेजमध्ये डोकावलं आणि किंचाळली. या पोरीला आयुष्यात कधी मोठ्याने बोलताना गावाने ऐकलं नव्हतं.

"बाबा! होडी कशाची आहे?"

"डुएनच्या मेव्हण्याची होती, मी ती नंतर..."

"धातू! धातू कुठला?"

"अ‍ॅल्युमिनियम," लाइल म्हणाला, आणि हा शब्द तोंडातून बाहेर पडतापडता जिन्यातल्या सगळ्या पाट्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांतली एकही उपयोगाची नव्हती.

"कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो! हायड्रोजन सुटतोय! मागे व्हा सगळे! गॅरेजचं मोठं दार उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका! डुएन, ती शेगडी विझवा!"

डुएन नुकताच सॉसेजखालचा कोळसा फुलवत होता. "अगं, असू दे," तो शिष्टाचाराने म्हणाला, "तुझ्यासाठीही दोन भाजतो."

ब्रिटाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिने टेबलावरचा लिंबूसरबताचा अख्खा जग उचलला आणि शेगडीवर, सॉसेजवर आणि थोडाफार डुएनवर रिकामा केला.

अग्निशमन दलाचा कप्तान मर्ल तिथेच एक जुना दिवा निरखत उभा होता. गावातल्या दलात सगळे आपापले कामधंदे सांभाळून येणारेच. मर्लने दिवा बाजूला ठेवायला सांगितला, दोन घरं सोडून असलेल्या बंबाच्या कोठीकडे धावत गेला आणि बंब घेऊन परत आला. उतरल्याबरोबर त्याने लाइलकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं, आणि वळून ब्रिटाला विचारलं, "काय करायचं?"

"भरपूर पाणी. लांबून. आणि पेटती वस्तू जवळ नको," ब्रिटा म्हणाली. मग पाण्याचा फवारा चालू असताना, मर्लने विचारलंही नव्हतं तरी, तिने त्याला सगळी अभिक्रिया सांगितली. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन अणूंमागे हायड्रोजनचे तीन रेणू कसे सुटतात, उष्णता का वाढते, उरतं ते काय. मर्ल मान हलवत होता. त्याला काही समजत नव्हतं, पण कुणीतरी खात्रीने बोलतंय याचं त्याला बरं वाटत होतं.

स्फोट झाला नाही. होडीचे जुने रिबीट मात्र एकेक करत सुटले, बूड उघडलं, आणि आठवडाभर मुरलेला, सोड्याने चिकट झालेला कॉड गॅरेजमधून निघून उतारावरून संथपणे रस्त्याकडे चालू लागला. विक्रीला आलेली मंडळी त्याला वाट द्यायला दोन्ही बाजूंना सरली. कुणी हसलं नाही. कुणी रागावलं नाही. मर्लने टोपी काढली, माशाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "वेगळंच आहे."

दुसऱ्या दिवशी तीन शेजारणींनी तीन भांडी आणून दिली, मटण आणि बटाटे घालून भट्टीत भाजलेली. गावात कुणी वारलं की नेतात तीच. लाइलने ती हातात घेतली तेव्हा त्याला कळलं की आपली अब्रू गेली आणि गाव तिचं सुतक पाळतंय. ब्रिटाने मात्र दोन वेळा वाढून घेतलं. उन्हाळाभरात ती इतकी खुशीत कधीच दिसली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी कारुसोबाईंनी बोलावलं. पालकांनीही यायचं होतं. लाइल इस्त्रीचा सदरा घालून गेला. बाई भरभर बोलणाऱ्या, हात हलवत बोलणाऱ्या. त्यांनी एक प्रश्न टाकला, दुसरा टाकला. ब्रिटा उत्तरं देत गेली. मग त्यांनी विचारलं, आम्लातही आणि अल्कलीतही विरघळणारा धातू सांगशील? ब्रिटाने होडी सांगितली. रिबिटांसकट सांगितली. सोड्यात मासा जास्त वेळ राहिला की त्यातल्या तेलाचा साबण कसा होतो, तेही सांगितलं. कारुसोबाई टेबलावर हात आपटून हसल्या.

"असं उत्तर मला आजवर कुणी दिलं नाही! मग, येतेस ना माझ्या वर्गात?"

ब्रिटाचे गाल लाल झाले. "नको... म्हणजे, इतर कुणाला जास्त गरज असेल."

"आमच्यासाठी तुम्ही उगाच त्रास घेऊ नका," लाइलनेही तत्परतेने भर घातली.

कारुसोबाईंचा चेहरा उतरला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आलात, बरं वाटलं."

बापलेक हवेत तरंगत बाहेर पडले. "झालं काम!" लाइल गाडीत म्हणाला. "काय मान राखून बोललीस! आता दोन-तीन दिवसांत पुन्हा विचारतील."

दोन-तीन दिवस झाले, फोन वाजला नाही. डुएन म्हणाला, घाई करू नका, मोठी माणसं वेळ घेतात. आठवडा गेला. शाळा सुरू व्हायला आली. लाइल फोनजवळच्या खुर्चीत बसून जेवायला लागला.

रोंडा दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. एका संध्याकाळी ती घरी आली ती थेट स्वयंपाकघरात, पर्ससुद्धा न ठेवता. "तुमच्या त्या कारुसोबाई आल्या होत्या आज. दाढ दुखतेय. मी विचारलं, कॉफी घेणार का? तर म्हणाल्या, 'हो, द्या.'"

"कितव्यांदा विचारल्यावर?"

"पहिल्यांदा!"

लाइलचा काटा हवेतच राहिला. "कदाचित फार तहान लागली असेल."

"मग विचारलं, मासिक देऊ वाचायला? 'नको' म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, तर चिडल्या. 'नको म्हटलं ना!' अरे लाइल, त्यांच्याकडे नको म्हणजे..." रोंडाला तो शब्द उच्चारणं जड गेलं. "नको म्हणजे नकोच."

ब्रिटा उठली, न संपवलेली ताटली मोरीत ठेवली आणि वर निघून गेली. दार तिने हळूच लावलं. दुसऱ्या घरात पोरं हंबरडा फोडतात, त्याचा नॉर्डबींकडचा अर्थ एवढाच. होडी गेली, अब्रू गेली, लाइलला त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. पण पोरीला जी एकच गोष्ट हवी होती, ती तिच्या हातात आलेली असताना आपण तिच्या वतीने परत करून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तो ब्रिटाला घेऊन शाळेत गेला. मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून रोंडाने रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करून दिल्या. कारुसोबाई रिकाम्या वर्गात खोकी भरत होत्या.

"थोडा पाऊस हवा होता," लाइलने सुरुवात केली.

"हं," बाई म्हणाल्या.

"मक्याला बरा. रस्ते मात्र खराब होतात."

"मिस्टर नॉर्डबी, तुम्ही पावसाबद्दल बोलायला आलात का?"

"नाही नाही. म्हणजे, यंदा हिवाळाही लवकर येईल म्हणतात." लाइलच्या कपाळावर घाम आला. वाक्य तोंडात तयार होतं, चार शब्दांचं. पण जन्मात त्याने कुणाजवळ काही मागितलं नव्हतं. "वड्या घ्या," तो म्हणाला.

"मला तुमचा वर्ग हवाय," ब्रिटा म्हणाली.

लाइलने दचकून मागे बघितलं. ती ताठ उभी होती.

"मला केमिस्ट्री आवडते. सगळ्यात जास्त आवडते. उन्हाळाभर मी दुसरं काही केलं नाही. त्या दिवशी मी 'नको' म्हटलं, पण मला हवा होता. मला तो आजही हवाय."

लाइलला वाटलं, भर चर्चमध्ये कुणी कपडे उतरवावेत तसं काहीतरी झालं. पण मागोमाग त्याला इतका अभिमान वाटला की डोळे चुरचुरायला लागले.

कारुसोबाई खोक्यावर बसल्या. "मग नको का म्हणालीस?"

"सगळेच म्हणतात," ब्रिटा म्हणाली. "पहिल्यांदा."

"सगळेच?" बाईंनी विचारलं. मग हळूहळू म्हणाल्या, "मी एकेका मुलाला बोलावलं. सगळी तयारी करून आलेली. प्रत्येकाला विचारलं, येतोस का? आणि एकूण एक 'नको' म्हणाले. मला वाटलं, मी या गावाला आवडले नाही. मुख्याध्यापकांना मी आज सांगणार होते, वर्ग बंद करा म्हणून. ही खोकी मी त्यासाठीच भरतेय."

"अरे देवा," लाइल म्हणाला. मग त्याने फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "लावा. एकेकाला लावा. आणि मी सांगेपर्यंत ठेवू नका."

पहिला फोन लागला. बाईंनी विचारलं, ऐकलं, चेहरा पाडला. "नको म्हणतोय."

"पुन्हा विचारा."

"पुन्हा नको म्हणतोय!"

"अजून एकदा! आता सोडू नका!"

बाईंनी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा विचारलं. पलीकडून काहीतरी बराच वेळ बोलणं झालं. बाईंनी फोन छातीशी धरला. त्या हसत होत्या आणि गालावरून पाणी ओघळत होतं. "म्हणाला, तुम्हाला अडचण होणार नसेल, तर बरं होईल."

"आनंदाने वेडा झालाय तो पोरगा," लाइलने खात्रीने सांगितलं. "पुढचा लावा."

दुपारपर्यंत वर्ग भरला. वड्या संपल्या. बाईंनी खोकी रिकामी केली आणि ब्रिटाने त्यांना काचेची भांडी कपाटात परत लावायला मदत केली. बाई प्रत्येक भांडं देताना तीनदा विचारत होत्या, 'धरतेस? धरतेस? धरतेस?' आणि दोघी हसत होत्या.

गाडीपाशी आल्यावर ब्रिटाने दाराला हात लावला, पण उघडलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मला खूप आनंद झालाय. आणि तू मला फार आवडतोस."

लाइलने खाली बघितलं. मागच्या चाकात हवा कमी आहे असं काहीतरी तो म्हणणार होता. हवा ठीक होती. रस्त्यावरून मर्लची गाडी गेली, मर्लने हात केला, लाइलने हात केला. मग इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्याने पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाला,

"मलाही तू फार आवडतेस, ब्रिटा. फार."

कुणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.